परक्या घराचा उंबरठा
नांदेड-लातूरकडे शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी व त्यांची यजमान कुटुंबे : एक अभ्यास

दहावीचे निकाल लागले, की देगलूर, मुखेड, कंधार, किनवट, अहमदपूर, उदगीर, निलंगा या भागांतून नांदेड आणि लातूर या दोन शहरांकडे विद्यार्थ्यांचा ओघ सुरू होतो. शेजारच्या परभणी, हिंगोली, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतूनही मुलेमुली येतात. सोबत एक पेटी, एक वळकटी आणि आईने बांधून दिलेली चटणी-धपाट्यांची शिदोरी असते. प्रवेश कोणत्या महाविद्यालयात घ्यावा, शिकवणी कोणाची लावावी, शुल्क किती, याची चौकशी पालक अनेक महिने आधीपासून करतात. परंतु मूल राहणार कोणाच्या घरी, त्या घराच्या रीतीभाती कोणत्या, तेथे ते रुळेल कसे, याचा विचार बहुधा शेवटच्या दिवशी, तोही खोलीचे भाडे ठरविण्यापुरताच होतो.

वस्तुतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या जीवनात अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा बदल निवासाचा असतो. स्वतःच्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरात दोन वर्षे राहणे हे एक स्वतंत्र शिक्षणच होय. हे शिक्षण नीट झाले तर मूल पुढे पुणे, मुंबई किंवा थेट परदेशातील परक्या घरातही उभे राहू शकते. ते नीट झाले नाही तर उत्तम गुण मिळविणारे मूलही अर्ध्यावर गावी परतते, किंवा मनातल्या मनात कुढत राहते. म्हणून या विषयाकडे शिक्षक, पालक, पंचायत सदस्य आणि अधिकारी या सर्वांनीच लक्ष देणे अगत्याचे आहे.

वार, माधुकरी आणि आश्रय

शिक्षणासाठी परक्या घरी राहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ‘वार लावून जेवणे’ हा शब्दप्रयोग मागील पिढ्यांच्या आत्मचरित्रांतून वारंवार आढळतो. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून घ्यावयाची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवावयाचे, आणि राहावयाचे एखाद्या देवळात, ओसरीवर किंवा दूरच्या आप्ताच्या माडीवर, असा हा क्रम असे. ज्यांना सातही वार मिळत नसत, ते एखाद्या दिवशी उपाशी राहत अथवा माधुकरी मागत.

या पद्धतीत दातृत्व होते यात शंका नाही. परंतु तिची दुसरी बाजूही होती. वाराला जाणाऱ्या मुलाला घरातील कामे सांगितली जात. वाढताना दुजाभाव होई. वेळेवर न पोहोचल्यास त्या दिवसाचे अन्न हुकत असे. अन्न मिळत होते, पण ते कोणत्या शब्दांनी व कोणत्या नजरेने मिळते यावर त्या मुलाचा स्वाभिमान अवलंबून असे. ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

मराठवाड्यात या परंपरेला आणखी एक पदर होता. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाची सोय प्रामुख्याने हैदराबाद येथे असल्यामुळे अनेक मराठी तरुणांना तेथे जाऊन आप्तांच्या किंवा परिचितांच्या आधाराने शिकावे लागे. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून व विचारवंत म्हणून ख्याती पावलेले नरहर कुरुंदकर हेही हैदराबाद येथे शिकले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर तेथे मराठीचे अध्यापक होते. संस्थानात मातृभाषेतून राष्ट्रीय शिक्षण मिळावे म्हणून हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले व पुढे अंबाजोगाईत शैक्षणिक कार्य उभे केले.

मुक्तिसंग्रामाच्या १९४७-४८ या काळात तर अनेक कुटुंबांनाच आपली घरे सोडून सरहद्दीपलीकडील गावांत आसरा घ्यावा लागला. सोलापूर, बार्शी, उमरखेड या परिसरात मराठवाड्यातील माणसे राहिली. परक्या उंबरठ्याच्या आतून आणि बाहेरून जग कसे दिसते, याचा अनुभव या प्रदेशाच्या स्मृतीत आहे.

ज्यांच्यासाठी दार उघडले नाही

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादा विसरून चालणार नाही. वार लावून जेवण्याची सोय जातीच्या चौकटीतच होती. बहुजन समाजातील मुलांना ती क्वचितच लाभे, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणेच शक्य नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा बडोदे येथील अनुभव या दृष्टीने प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. अमेरिका व इंग्लंड येथे उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव बदलून आश्रय घेतला. जात उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर पडण्यास भाग पाडले. ज्या परिचितांकडे त्यांनी विचारणा केली, त्यांनीही असमर्थता दर्शविली. अखेर त्यांना मुंबईस परतावे लागले. विद्या होती, पदवी होती, नोकरी होती. नव्हते ते केवळ राहावयास घर.

पुढे १९२१-२२ या काळात लंडनमध्ये शिकत असताना ते किंग हेन्री रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले. ही वास्तू महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केली व तेथे स्मारक उभारले. आपल्याच देशातील एका शहराने ज्यांना खोली नाकारली, त्यांचे परदेशातील निवासस्थान आज राज्याचा ठेवा म्हणून जपले जात आहे. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.

महाराष्ट्रातील वसतिगृह चळवळ याच उणिवेतून जन्मास आली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रोत्साहन दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. मराठवाड्यात डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले.

आज जात विचारून खोली नाकारणे कोणी उघडपणे करीत नाही. परंतु आडनाव ऐकून ‘खोली कालच गेली’ असे सांगण्याचे प्रकार पूर्णतः थांबले आहेत, असे म्हणण्याचे धाडस करता येणार नाही. धर्म, आहार आणि गाव यांवरूनही अशीच आडवळणाची नकारघंटा वाजते. तिचा आघात सोळा वर्षांच्या मनावर खोल होतो, हे घरमालकांनी ध्यानी घेतले पाहिजे.

रोझेलमधील मराठी मुलगी

परक्या देशात परक्या कुटुंबात राहून शिकण्याचे सर्वात बोलके मराठी उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्क येथे पोहोचल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि पती गोपाळराव सोबत नव्हते. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले.

हा संबंध अकस्मात जुळलेला नव्हता. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका नियतकालिकात छापून आले होते. ते वाचून कार्पेंटरबाईंनी १८८० मध्ये पत्रव्यवहार सुरू केला. जवळजवळ तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. एकमेकींचे घर, सण, आहार, पोशाख आणि श्रद्धा यांची ओळख पत्रांतूनच झाली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. उंबरठा ओलांडण्यापूर्वी झालेली ही ओळख म्हणजे या यशस्वी सहवासाचा पाया होय.

दुसरी बाब अशी, की आनंदीबाईंनी आपला शाकाहार आणि आपली साडी सोडली नाही, आणि कार्पेंटर कुटुंबाने ती सोडण्याचा आग्रहही धरला नाही. मात्र तेथील थंडी पाहून आनंदीबाईंनी साडी नेसण्याची पद्धत बदलली. तत्त्व कायम ठेवून तपशिलात बदल करण्याची ही वृत्ती परक्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने आत्मसात करण्याजोगी आहे.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. रोझेल येथील घरगुती वातावरण सोडून त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे थंडी, अपुरा व न मानवणारा आहार आणि अभ्यासाचा ताण यांमुळे त्यांची प्रकृती ढासळू लागली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि त्यांनी त्या पकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. यजमान आणि पाहुणी यांचे नाते रक्ताच्या नात्याइतके कसे घट्ट होऊ शकते, याची साक्ष तेथील शिळा आजही देत आहे. त्याचबरोबर, निवास आणि आहार यांकडे झालेले दुर्लक्ष बुद्धी व जिद्द भरून काढू शकत नाहीत, हा धडाही या चरित्रात आहे.

नांदेड-लातूरचे आजचे चित्र

लातूर येथे दयानंद शिक्षण संस्थेचे महाविद्यालय १९६१ मध्ये व राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. पुढील काळात नियोजनबद्ध अध्यापन, जादा तास व सराव परीक्षा यांतून ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर परिचित झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नांदेड येथे पीपल्स कॉलेज १९५० पासून कार्यरत आहे, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी आज ही दोन्ही शहरे मराठवाड्याबाहेरही ओळखली जातात.

या विद्यार्थ्यांची निवासव्यवस्था साधारणतः चार प्रकारची असते. पहिला प्रकार शासकीय, संस्थेच्या अथवा खाजगी वसतिगृहांचा. दुसरा, तीन-चार मुलांनी मिळून ‘रूम करून’ राहण्याचा. तिसरा, आप्तांच्या घरी राहण्याचा. चौथा, एखाद्या कुटुंबाच्या घरातच खोली किंवा कॉट घेऊन, बहुधा त्याच घरच्या जेवणावर राहण्याचा. शेवटचे दोन प्रकार म्हणजे आपल्याकडील यजमान कुटुंबे होत.

ही कुटुंबे धनिक नसतात. निवृत्त शिक्षक, लहान दुकानदार, विधवा गृहिणी, गावाकडची शेती पडल्यामुळे शहरात आलेले शेतकरी अशी ती असतात. माडीवरच्या दोन खोल्यांचे भाडे आणि चार मुलांच्या डब्यांचे पैसे यांवर त्या घरातील एखाद्या मुलीचेही शिक्षण चालू असते. म्हणजे येथे दाता आणि याचक असे नाते नाही. गरज दोन्ही बाजूंना आहे, आणि म्हणूनच सन्मानही दोन्ही बाजूंनी असावयास हवा.

अंतर थोडे असले तरी फरक कमी नसतो. देगलूर-बिलोलीकडच्या मुलाच्या बोलण्यात तेलुगूची झाक असते. उदगीर-निलंग्याकडच्या बोलीवर कानडीची छाया असते. किनवटच्या तांड्यावरील मुलीची घरची भाषा गोरमाटी असते, तर कोलामपोडावरील मुलाची कोलामी. शहरातील घरात यांपैकी कोणाचे हेल ऐकून हसू उमटले, की ते मूल बोलणेच कमी करते. भाषेची थट्टा हा परक्या घरातील पहिला आणि सर्वात न दिसणारा घाव असतो.

रुळण्याचे टप्पे

परक्या घरात रुळण्याची प्रक्रिया सामान्यतः तीन टप्प्यांतून जाते. हे टप्पे पालकांना व शिक्षकांना ठाऊक असल्यास घाबरून जाण्याचे कारण उरत नाही.

पहिला टप्पा नवलाईचा. शहर, महाविद्यालय, नवे मित्र यांत आठ-पंधरा दिवस सहज जातात. यजमानही कौतुकाने वागतात. मूल फोनवर ‘सगळे छान आहे’ असे सांगते.

दुसरा टप्पा ओढीचा. तीन-चार आठवड्यांनी नवलाई ओसरते. पहिल्या चाचणीचे गुण कळतात. गावात पहिला येणारा मुलगा येथे मागच्या बाकांवर असतो. भाकरीऐवजी पोळी, ओळखीच्या वरणाऐवजी निराळी फोडणी, रात्री घरातील आवाजांऐवजी रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट, असे लहान लहान फरक मोठे वाटू लागतात. याच काळात बहुतेक मुले ‘मला परत न्या’ म्हणतात, किंवा काहीच न म्हणता अबोल होतात. खरी सोबत लागते ती याच टप्प्यावर.

तिसरा टप्पा स्थैर्याचा. मुलाला पाण्याची वेळ, दाराची कडी, आजोबांची झोप, घरातील देवपूजेची वेळ हे सारे अंगवळणी पडते. यजमानीण न विचारता ताटात चटणी वाढते, आणि मूल न सांगता पिठाची पिशवी गिरणीत नेते. या देवाणघेवाणीपासून ते घर त्याच्यापुरते परके राहत नाही.

लातूर परिसरात मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला, म्हणजे येळवसेला, कुटुंबे शेतावर जातात. भज्जी, उंडे, आंबील यांचे वनभोजन होते. ज्या घरी शिकणाऱ्या मुलांनाही शेतावर नेले जाते, तेथे दुसरा टप्पा लवकर संपतो, हे वेगळे सांगावयास नको. नांदेडला तर अतिथ्याचा वारसाच आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथील लंगरमध्ये जात, धर्म वा प्रांत न विचारता पंगत बसते. २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी देशोदेशींच्या भाविकांचे या शहराने स्वागत केले. हीच वृत्ती गल्लीतील चार मुलांच्या बाबतीत दाखविणे कठीण नाही.

पाण्याचा धडा

परक्या घरात कशावरून खटके उडतात, याचा विचार केल्यास मराठवाड्यात पहिले नाव पाण्याचे घ्यावे लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. नंतर एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. ज्या घरात पाणी घागरीने मोजले जात होते, त्या घरात बाहेरगावची मुले ठेवणे ही यजमानांचीही कसोटी होती.

अशा वेळी नियम आधीच ठरलेले असतील तर कटुता येत नाही. प्रत्येकास अंघोळीला किती बादल्या, कपडे कोणत्या दिवशी, टँकर आल्यास भरण्यास कोण उतरणार, जादा टँकरचा खर्च कसा वाटून घ्यावयाचा, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्यावे. गावाकडून आलेल्या मुलाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. त्याला फक्त त्या घराची रीत सांगावी लागते.

पहिल्याच दिवशी काय ठरवावे

बहुतेक गैरसमज न बोललेल्या गोष्टींतून निर्माण होतात. म्हणून विद्यार्थी, पालक आणि यजमान यांनी एकत्र बसून पुढील बाबी साध्या कागदावर लिहून घ्याव्यात, व दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात.

१. भाडे, अनामत रक्कम, वीज व पाणी यांचा हिशेब. अनामत केव्हा व कोणत्या कपातीने परत मिळणार.
२. जेवणाच्या वेळा, उपवासाचे दिवस, आजारपणातील पथ्य, सुटीत गावी गेल्यास जेवणाच्या पैशांची वजावट.
३. रात्री परतण्याची वेळ, अभ्यासासाठी दिवा चालू ठेवण्याची वेळ, पाहुण्यांविषयीचा नियम.
४. खोलीला आतून कडी व स्वतंत्र कुलूप असणे. मुलींच्या बाबतीत स्नानगृह व शौचालयाची सुरक्षितता पालकांनी स्वतः पाहून घ्यावी.
५. आजारपणात प्रथम कोणास कळवावयाचे. जवळचे रुग्णालय कोणते.
६. घरातील कोणती कामे विद्यार्थ्याने करावयाची, आणि कोणती त्याच्यावर टाकावयाची नाहीत.

सहाव्या बाबीचा थोडा खुलासा आवश्यक आहे. स्वतःचे ताट उचलणे, खोली झाडणे, प्रसंगी बाजारातून भाजी आणणे, ही घरात राहण्याची सहज रीत होय. परंतु पैसे देऊन राहणाऱ्या मुलीला रोज घरच्या भांड्यांना बसविणे, किंवा आप्ताच्या घरी राहणाऱ्या मुलाला दुकानावर उभे करणे, हा त्यांच्या अभ्यासाच्या वेळेवर घाला आहे. विशेषतः आप्तांच्या घरी हे अधिक घडते, आणि संकोचापोटी मूल बोलत नाही. मामा-काकांकडे राहणाऱ्या मुलाचीही पालकांनी एकांतात विचारपूस करावी.

यजमानांनीही मुलाचे गुण, त्याच्या घरची परिस्थिती, त्याचे भाडे थकल्याची गोष्ट शेजाऱ्यांपुढे वा इतर मुलांपुढे काढू नये. पाऊस न पडल्यामुळे सोयाबीनचे पीक हातचे गेले, म्हणून ज्याचे दोन महिन्यांचे पैसे थकतात, तो मुलगा आधीच खाली मान घालून जिना चढत असतो.

संकटाची चिन्हे

परीक्षेच्या तयारीचा ताण आज अनेक कोवळ्या मनांना पेलवत नाही. महाविद्यालयात शेकडो मुलांमध्ये एका मुलाचे अबोलपण शिक्षकाच्या नजरेतून सुटू शकते. ज्या घरात तो जेवतो, तेथे मात्र ते सुटू नये. ताटातील अन्न तसेच राहणे, दिवसचे दिवस खोलीचे दार बंद असणे, झोप उडणे किंवा अवेळी झोपणे, घरचे फोन टाळणे, आपल्या वस्तू इतरांना वाटून टाकणे, ‘आता काही उपयोग नाही’ अशी भाषा वारंवार येणे, ही चिन्हे गांभीर्याने घ्यावीत. अशा वेळी उपदेश किंवा तुलना करू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे, मुलाला एकटे सोडू नये आणि पालकांना व शिक्षकांना त्वरित कळवावे.

मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक खोलीत दिसतील असे लावावेत. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा प्रसंगी ‘घराची अब्रू’ या नावाखाली गप्प बसणे म्हणजे अपराध्याला साहाय्य करणे होय, आणि माहिती असूनही ती न कळविणे हा स्वतःच गुन्हा आहे.

एखाद्या घरात मूल रुळले नाही, तर घर बदलणे हा पराभव मानू नये. मात्र नुसती घरची ओढ आणि खरा जाच यांतील भेद आधी तपासावा. ओढ काही आठवड्यांत ओसरते. जाच दिवसेंदिवस वाढतो.

गाव, शाळा आणि शासन

गावाकडील मंडळींचा वाटा मुलाला गाडीत बसवून दिल्यावर संपत नाही. पूर्वी गावाहून एस.टी.ने डबा येई, आणि आजही अनेक मार्गांवर सकाळच्या गाडीत नावे लिहिलेले डबे दिसतात. त्या डब्यातून भाकरीबरोबर घरची खबरही येते. ग्रामपंचायतीने आपल्या गावातून शहरात शिकावयास गेलेल्या मुलामुलींची यादी ठेवावी, आणि दिवाळीच्या सुटीत त्यांना एकत्र बोलावून अडचणी ऐकाव्यात. मागील वर्षी गेलेली मुले यंदा जाणाऱ्यांना जे सांगू शकतील, ते कोणतेही माहितीपत्रक सांगू शकणार नाही.

शाळांनी दहावीच्या शेवटच्या सत्रात ‘घराबाहेर राहताना’ या विषयावर दोन तास द्यावेत. बँकेचा व्यवहार, स्वतःचे कपडे धुणे, साधा स्वयंपाक, औषधाची चिठ्ठी वाचणे, नकार सभ्यपणे देणे व मदत निःसंकोच मागणे, इतके आले तरी पुष्कळ काम होते. हे मुलग्यांनाही शिकवावे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना यांतून भोजन व निवासासाठी ठराविक रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. अटी व मुदती संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयातून वेळेवर समजून घ्याव्यात. योजनेचा हप्ता लांबला तर त्याचा भार शेवटी त्या घरमालकावर व त्या मुलाच्या ताटावर पडतो, हे कागद पुढे सरकविणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने स्मरणात ठेवावे.

येथून पुढे परदेशात

आज नांदेड-लातूरच्या मुलांची वाट येथेच थांबत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. जर्मन, इंग्रज वा अन्य कुटुंबात राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येईल, त्यांना येथे शिकलेलेच धडे उपयोगी पडतील.

तेथे वेळेचे बंधन अधिक काटेकोर असेल. जेवणास येणार नसल्यास आधी कळवावे लागेल. कचरा वेगवेगळा टाकावा लागेल. रात्री शांतता पाळावी लागेल. यजमान आग्रह करून वाढणार नाहीत. एकदा ‘नको’ म्हटले, की ते ‘नको’ असेच धरतील. त्यामुळे भूक असल्यास स्पष्ट सांगावे. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण आहे. तेथे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे आदराचे लक्षण आहे. दोहोंत उणे-अधिक काही नाही. जाण्यापूर्वी यजमानांशी पत्रव्यवहार करावा, आपला आहार व सवयी आधीच कळवाव्यात. पोहोचल्यावर एखाद्या रविवारी भाकरी-पिठले करून त्यांना जेवावयास बसवावे. आनंदीबाईंनी जे पत्रांतून साधले, ते आजही साधता येते.

चर्चेसाठी प्रश्न

शिक्षक प्रशिक्षण वर्गात, पालकसभेत अथवा ग्रामसभेत पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणता येईल.

१. आपल्या गावातील किती मुलेमुली शिक्षणासाठी बाहेरगावी राहतात? त्यांपैकी किती जणांचे यजमान पालकांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत?
२. खोली देताना जात, धर्म किंवा आहार यांवरून भेदभाव होतो काय? तो दूर करण्यासाठी स्थानिक पातळीवर काय करता येईल?
३. आनंदीबाईंनी कोणत्या गोष्टी कायम ठेवल्या व कोणत्या बदलल्या? आपल्या मुलांनी कोणत्या गोष्टींत लवचिक असावे, आणि कोणत्या बाबतीत ठाम राहावे?
४. अवर्षणाच्या वर्षी भाडे थकलेल्या विद्यार्थ्यासाठी गाव, महाविद्यालय व घरमालक यांनी मिळून कोणती व्यवस्था करावी?

मराठवाड्यातील शेतकरी आपल्या मुलाला शहरात ठेवतो, तेव्हा तो एका अनोळखी घराच्या हवाली आपल्या कुटुंबाचे भवितव्य करीत असतो. त्या घराने त्याला खोली द्यावी, वेळेवर दोन घास द्यावेत आणि त्याच्या बोलीला हसू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पूर्ण करणे कोणत्याही घराच्या आवाक्याबाहेरचे नाही.